भाकरी कमी केली, मग ताटात काय?

वजन उतरवायचं ठरलं की मराठी घरात पहिली कुऱ्हाड भातावर पडते, मग पोळीवर, आणि हल्ली भाकरीवरसुद्धा. एके काळी "तेल-तूप बंद करा" हा सल्ला जितक्या सहज दिला जायचा, तितक्याच सहज आज "कार्ब्ज बंद करा" असं सांगितलं जातं. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर उभी राहिलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळा जेवणाची पद्धत गावोगाव पोहोचली आणि 'इन्सुलिन' हा दवाखान्यातला शब्द स्वयंपाकघरात आला. दुसरीकडे ऋजुता दिवेकर घरच्या वरण-भात-तुपाची बाजू ठामपणे मांडत राहिल्या. 'दीक्षित की दिवेकर' हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत आणि सोसायटीच्या कट्ट्यावर रंगला. त्यापाठोपाठ कीटो आलं, आणि मोबाइलवर रोज नवा व्हिडिओ येऊ लागला.

या गोंधळात सापडलेली माणसं मला रोज भेटतात. ती भोळी नसतात. घरात मधुमेह पाहिलेला असतो, वडिलांची बायपास झालेली असते, गुडघे दुखत असतात. त्यांना खरोखर बरं व्हायचं असतं आणि त्यासाठी मन मारायची तयारी असते. ही तयारी चुकीच्या जागी खर्च होऊ नये, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. आपल्या ताटात कर्बोदकं जास्त आहेत आणि ती कमी व्हायला हवीत. ती काढून त्यांच्या जागी आपण काय वाढतो, आणि ते खाणं दोन वर्षांनीही चालू असतं का, यावर पुढचा बहुतेक फायदा-तोटा ठरतो. दिवसाला 20 ते 50 ग्रॅम कर्बोदकांवर आणणारा कीटोसारखा कडक प्रकार मात्र वेगळा. तो एक उपचार आहे आणि उपचारासारखाच, देखरेखीखाली घ्यायला हवा.

आकडे डोळ्यांसमोर असले तर हे पटेल. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एका भाकरीचं ज्वारीचं पीठ मोजून पाहा. साधारण 50 ते 60 ग्रॅम भरतं. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे 68 ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे एका भाकरीत 35 ते 40 ग्रॅम. आता एक साधा दिवस घ्या. सकाळी दोन चमचे साखरेचा चहा, बशीभर पोहे. दुपारी दोन भाकऱ्या, वाटीभर भात आणि वरण. संध्याकाळी पुन्हा चहा, सोबत चार बिस्किटं. रात्री दोन पोळ्या, थोडा भात, आमटी. यात पक्वान्न नाही, बाहेरचं काही नाही, कुणी याला अतिरेक म्हणणार नाही. तरी कर्बोदकांची बेरीज 300 ग्रॅमच्या आसपास जाते आणि दिवसाच्या उष्मांकांतला 60 टक्क्यांहून अधिक वाटा त्यांचाच होतो. उपवासाच्या दिवशी तर पारडं आणखी झुकतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. खिचडीत जी काही प्रथिनं असतात ती शेंगदाण्याच्या कुटाची.

हे चित्र एका घरापुरतं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीत देशभरातल्या 1 लाख 20 हजारांहून अधिक प्रौढांचा समावेश होता, आणि त्यांतल्या काहींच्या आहाराचं विश्लेषण 2025 मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते आणि प्रथिनांचा वाटा 12 टक्क्यांच्या आसपास आहे, असं त्यात दिसलं. आणखी एक गोष्ट त्यात आहे, जी पुष्कळांना खटकेल. पांढरा भात किंवा मैदा काढून तेवढ्याच कर्बोदकांची गव्हाची कणीक किंवा ज्वारी-बाजरी-नाचणीचं पीठ आणलं, तर मधुमेहाची शक्यता कमी झालेली दिसली नाही. उलट, एकूण ऊर्जेपैकी फक्त 5 टक्के ऊर्जा कर्बोदकांकडून डाळी-कडधान्यं, दूध-दही, अंडी किंवा मासे यांतल्या प्रथिनांकडे वळवली, तर ती शक्यता कमी असल्याचं दिसलं. भरडधान्यांचं कौतुक मीही करते, त्यांत तंतू आहेत, खनिजं आहेत. पण भाकरी ज्वारीची आहे म्हणून तिसरी खावी, असा त्याचा अर्थ होत नाही.

आपल्या शरीराची ठेवण हाही या प्रश्नाचाच भाग आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक) 22.3, म्हणजे कागदावर दोघेही सारखेच सडपातळ. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के भरली आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. दिसायला बारीक, आत चरबी जास्त, आणि स्नायू कमी, ही आपल्याकडची सर्रास दिसणारी शरीरयष्टी आहे. म्हणून भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा बीएमआय 23 वर आणि लठ्ठपणाची 25 वर आणली गेली. म्हणूनच मी वजनकाट्याआधी शिंप्याची टेप हातात घेते. पुरुषाची कंबर 90 सेंटीमीटरच्या आणि स्त्रीची 80 सेंटीमीटरच्या पुढे गेली असेल, तर पोटातल्या चरबीचं काहीतरी करायला हवं, मग काटा काहीही म्हणो.

कर्बोदकं कमी करून वजन उतरवण्याची कल्पना नवी नाही. लंडनमधले विल्यम बँटिंग अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय करत. ऐकू कमी येतं म्हणून ते डॉ. विल्यम हार्वे यांच्याकडे गेले आणि हार्वे यांनी त्यांचा पाव, साखर, बिअर आणि बटाटे बंद केले. वर्षभरात सुमारे 21 किलो वजन उतरलं, आणि 1863 मध्ये बँटिंग यांनी स्वतःचा अनुभव पुस्तिकेच्या रूपात छापला. कीटो आहाराचा उगम मात्र वजनाशी संबंधित नव्हता. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी 1921 मध्ये अपस्माराच्या रुग्णांसाठी तो सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या मुलांच्या अपस्मारात तो आजही वापरतात, आणि तिथे मुलांची वाढ, रक्तातली चरबी, मुतखडे या सगळ्यांवर सतत लक्ष ठेवलं जातं. पुढे 1972 मध्ये रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांचं पुस्तक आलं आणि त्याच धर्तीचा आहार देखरेखीविना घरोघर गेला.

पहिल्या आठवड्यात काटा झपकन खाली येतो, त्याचं कारण समजून घ्यायला हवं, कारण बहुतेकांची श्रद्धा तिथेच बसते. आपलं यकृत आणि स्नायू मिळून अर्धा किलोच्या आतबाहेर ग्लायकोजेन साठवून ठेवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. कर्बोदकं तोडली की हा साठा वापरला जातो आणि ते पाणी निघून जातं. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडंही जास्त मीठ-पाणी बाहेर टाकतात. त्यामुळे पाच-सात दिवसांत दोन किलो कमी झालेले दिसतात, आणि त्यातला मोठा भाग पाण्याचा असतो. याच कारणाने डोकं दुखतं, पायात गोळे येतात, उठताना चक्कर येते. पुढे एखाद्या लग्नात जेवलं की दीड किलो परत येतं आणि माणूस खचतो. ना त्या पहिल्या दोन किलोंचा आनंद खरा, ना या दीड किलोचं दुःख खरं.

मग चरबी खरोखर उतरते का? उतरते. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत 63 लठ्ठ स्त्री-पुरुषांपैकी काहींना अ‍ॅटकिन्स आहार दिला आणि काहींना नेहमीचा कमी चरबीचा. सहा महिन्यांनी अ‍ॅटकिन्स गटाचं वजन 7 टक्के आणि दुसऱ्याचं सुमारे 3 टक्के घटलं होतं. वर्षाअखेर हे अंतर इतकं आक्रसलं की संख्याशास्त्राच्या कसोटीवर ते टिकलं नाही, आणि दोन्ही गटांतले बरेच जण मधेच सोडून गेले होते. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी 609 जणांवर केलेली आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी मला जास्त मोलाची वाटते, कारण तिथे दोन्ही गटांना चांगलं खायला शिकवलं होतं: भाज्या भरपूर, वरून साखर नाही, मैदा नाही, शक्यतो घरी शिजवलेलं. वर्षभरानंतर कमी चरबीवाल्यांचं सरासरी 5.3 किलो आणि कमी कर्बोदकवाल्यांचं 6.0 किलो वजन उतरलं होतं. म्हणजे जवळजवळ बरोबरी. कुणाला कोणता आहार लागू पडेल हे जनुकांवरून किंवा इन्सुलिनच्या पातळीवरून आधी सांगता येईल, ही आशाही तिथे फळली नाही. सरासरीच्या पोटात मात्र फार मोठी दरी होती. दोन्ही गटांत कुणी वीस-पंचवीस किलोंनी उतरलं, तर कुणाचं वजन चक्क वाढलं. शेजारणीला जे लागू पडलं ते तुम्हाला पडेलच असं नाही, हे मी या चाचणीच्या आधारावर म्हणते.

इस्राएलमधल्या दिमोना इथली चाचणी मात्र आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. कामाच्या ठिकाणच्या 322 जणांवर दोन वर्षं चाललेल्या या चाचणीत कमी कर्बोदकवाल्या गटाचं वजन 4.7 किलोंनी, भूमध्यसागरी आहारवाल्यांचं 4.4 किलोंनी आणि कमी चरबीवाल्यांचं 2.9 किलोंनी घटलं. या कमी कर्बोदकवाल्यांनी पहिले दोन महिने रोज 20 ग्रॅम कर्बोदकं खाल्ली, मग हळूहळू 120 ग्रॅमपर्यंत वाढवली, आणि प्रथिनं-चरबी शक्यतो शाकाहारी पदार्थांतून घ्यावी असं त्यांना सांगितलं होतं. मांसाचे ढीग न खाताही हा आहार करता येतो, हे त्यातून दिसतं.

फायदे सांगताना मी हात आखडता घेणार नाही. कर्बोदकं कमी केली की जेवणानंतरची साखर फार चढत नाही, ट्रायग्लिसराइड्स उतरतात, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) थोडं वाढतं. आपल्याकडे वाढलेले ट्रायग्लिसराइड्स आणि कमी एचडीएल ही जोडगोळी रक्ताच्या रिपोर्टमध्ये पावलोपावली दिसते, त्यामुळे हा फायदा आपल्यासाठी लहान नाही. प्रथिनं वाढली की भूक लवकर भागते. सकाळी पोह्यांऐवजी दोन अंडी किंवा मुगाचं धिरडं खाणारा माणूस अकरा वाजता बिस्किटांचा पुडा शोधत नाही. नव्याने मधुमेह झालेल्या काहींच्या गोळ्या कमी होतात, काहींच्या सुटतात.

पण याचं सगळं श्रेय कर्बोदकं तोडण्याला देऊ नये. ब्रिटनमध्ये रॉय टेलर आणि माइक लीन यांच्या चाचणीत वर्षभरानंतर 46 टक्के रुग्णांचा मधुमेह माघारी गेला होता. सहा वर्षांच्या आतला आजार असलेले आणि इन्सुलिन न घेणारे हे रुग्ण तीन ते पाच महिने रोज जेमतेम 850 कॅलरींच्या द्रवाहारावर होते, आणि त्या द्रवाहारातली निम्म्याहून जास्त ऊर्जा कर्बोदकांचीच होती. तिथे काम केलं ते उतरलेल्या वजनाने. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी 20 जणांना संशोधन केंद्रात ठेवून दोन आठवडे कीटो आणि दोन आठवडे कमी चरबीचा वनस्पतिजन्य आहार, हवा तेवढा खाऊ दिला, तेव्हा दुसऱ्या आहारावर ती माणसं आपसूक दिवसाला सुमारे 700 कॅलरी कमी खात होती. प्रयोग छोटा होता, पण "इन्सुलिन वाढलं म्हणजे वजन वाढलंच" या समजाला त्याने चांगलाच धक्का दिला.

आता धोक्यांकडे येते. कर्बोदकं कमी करायची म्हणून लोणी, चीज, सुका मेवा आणि तुपाची धार यांवर जगणाऱ्या काहींचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) इतकं चढतं की रिपोर्ट हातात घेतल्यावर मला काळजी वाटते. आपल्याकडे हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा लवकर गाठतो. "वजन उतरतंय ना, मग एलडीएलचं काय एवढं" असं म्हणण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. अमेरिकेतल्या 15 हजारांहून अधिक लोकांचा सुमारे 25 वर्षं मागोवा घेणाऱ्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऊर्जेचा 50 ते 55 टक्के वाटा कर्बोदकांतून घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी दिसलं. फार जास्त आणि फार कमी, दोन्हीकडे ते वाढलेलं होतं. कर्बोदकांच्या जागी मांस-चरबी आली तिथे धोका जास्त, डाळी-दाणे आले तिथे कमी. असा अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करत नाही, पण दिशा तीच दाखवतो.

ज्या धोक्यासाठी हे पुस्तक लिहिणं मला तातडीचं वाटलं, तो औषधांचा आहे. मधुमेहाच्या गोळ्या चालू ठेवून एका दिवसात भात-पोळी-भाकरी बंद करणारी माणसं मी पाहिली आहेत. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन जेवणाच्या नेहमीच्या मापावर बसवलेलं असतं; जेवण अर्धं झालं आणि औषध तेवढंच राहिलं, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या. आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा प्रश्न सर्वांत फसवा आहे. त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यांच्या जोडीला कर्बोदकं जवळजवळ शून्यावर नेली, तर रक्तात कीटोन साचून आम्ल वाढू शकतं, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवरची साखर फारशी वाढलेलीही नसते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, गळून जाणं, धाप लागणं अशी लक्षणं असतात. घरचे म्हणतात पित्त झालं असेल, साखर तर बरी दिसतेय, आणि यात मोलाचे तास जातात. हा जीवघेणा प्रकार आहे आणि तो टाळता येतो. कडक आहार सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारून औषध बदललं की पुरतं.

बाकीचे धोके थोडक्यात. वजन झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात. तंतू कमी पडले की बद्धकोष्ठ होतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनांचं माप स्वतः ठरवू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी कीटोच्या वाटेला जाऊ नये. टाइप 1 मधुमेह असलेल्यांनी आणि खाण्याशी ज्यांचं नातं आधीच बिघडलेलं आहे त्यांनीही स्वतःहून हा मार्ग धरू नये.

स्नायूंबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. आपले स्नायू मुळात कमी. भाकरी काढली आणि तिच्या जागी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आली, की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. काटा खूश करतो आणि जिना चढताना पाय थरथरतात. हे मी सर्वांत जास्त पाहते ते घरच्या बाईच्या बाबतीत. नवऱ्याला कमी कर्बोदकांचं पथ्य असेल तर त्याच्यासाठी अंडी उकडतात, पनीर येतं, मोडाची उसळ वेगळी काढतात. तिचं पथ्य म्हणजे फक्त एक पोळी कमी, आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेलं पातळ वरण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशा शरीरातून अन्न नुसतं वजा करणं हा अन्याय आहे. साठ किलोच्या बाईला दिवसाला 50 ते 60 ग्रॅम प्रथिनं हवीत. एका वाटी घट्ट वरणात 6-7 ग्रॅम असतात. उरलेली भर मूग-मटकीची उसळ, वाटी-दोन वाटी दही, मूठभर शेंगदाणे, थोडं सोयाबीन, परवडत आणि चालत असेल तर अंडी किंवा मासे यांतून घालावी लागते, आणि ते बाजाराच्या यादीत आधी लिहावं लागतं.

खर्चाचा मुद्दाही टाळता येणार नाही. भाकरी हे आपल्याकडे पोट भरण्याचं सर्वांत स्वस्त साधन आहे. बदाम, अ‍ॅव्होकाडो आणि चीज यांवर आधारलेली योजना शेतमजूर कुटुंबाला किंवा महिन्याच्या पगारात ओढाताण करणाऱ्या घराला कुचकामी आहे. म्हणून या पुस्तकातले सगळे नमुने हरभरा, मटकी, शेंगदाणे, ताक, अंडी, सुकट-बोंबील आणि मोसमातल्या भाज्या यांवर बेतले आहेत. त्यांतून कर्बोदकांचा वाटा 50 टक्क्यांच्या आसपास येतो. बहुतेक वाचकांसाठी तेवढं खाली येणं पुरेसं आणि निभावण्याजोगं आहे, असं माझं मत आहे: दोनऐवजी एक भाकरी, भात आणि भाकरी एका जेवणात एकत्र नाही, चहातली साखर हळूहळू बंद, आणि ताटात आधी उसळ-भाजी वाढून मग बाकीचं. इंडियाबच्याच माहितीवर आधारलेल्या 2022 मधल्या एका विश्लेषणात नव्याने मधुमेह झालेल्यांसाठी कर्बोदकांचा वाटा 49 ते 54 टक्के आणि प्रथिनांचा 19-20 टक्के असा हिशेब मांडला होता. त्यात भाकरीला जागा आहे.

याहून खाली ज्यांना जायचं आहे त्यांना मी अडवणार नाही. काहींना त्याचा खरोखर उपयोग होतो, आणि त्यांच्यासाठी शेवटची दोन प्रकरणं आहेत. सुरुवात करण्याआधी एचबीए1सी, चरबीची तपासणी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन बघून घ्यावं, कंबर मोजून लिहून ठेवावी, आणि दोन-तीन महिन्यांनी चरबीची तपासणी पुन्हा करावी. पुस्तक कुठूनही वाचायला घेतलं तरी चालेल. फक्त मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांनी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी औषधांचं प्रकरण वाचावं आणि आपल्या गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं तिथल्या यादीशी ताडून पाहावीत. त्यातलं एखादं नाव जुळलं, तर ती पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जाऊन यावं. तोवर जेवण नेहमीचंच ठेवावं.